चेंडूवरील तारका

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत चेंडू थेट कुंपणापार टोलविणें यास ‘होमरन’ म्हणतात. हँक आरन यांचा ७५५ होमरनांचा विक्रम बॅरी बाँड्स यांनीं ७ ऑगस्ट २००७ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें मोडला. तेथील प्रेक्षक हर्षानें नाचले. परगांवीं मात्र बाँड्स यांची हुर्यो होत असे. कारण, बलवर्धक औषधांचा संशय. जाणूनबुजून तीं घेतल्याचें बाँड्स यांनीं नाकारलें. पुढें तो चेंडू एकानें विकत घेतला, आणि लोकांचा कौल घेऊन, त्यावर तारका डागून, कूपर्सटाउनच्या संग्रहालयास दिला.

ग्रंथांत तारका दिसली कीं आम्ही खालीं टीप शोधतों. या तारकेची टीप मात्र कोणासच लिहितां आली नाहीं. एकाच हंगामांतील ७३ होमरन बाँड्स यांनीं २००१ मध्यें मारले. खेळाडूंची सर्रास औषधचाचणी २००३ मध्यें सुरू झाली. जेथें परीक्षाच झाली नाहीं, तेथें उत्तीर्ण कोण व अनुत्तीर्ण कोण? आमच्या मतें पहिला दोष परीक्षकांचा. त्यांच्या दिरंगाईनें लबाड सुटले असतील, तें एक वेळ सोसेल. पण त्या काळांतील निष्कलंक खेळाडूसहि आपलें निर्दोषत्व सिद्ध करितां येत नाहीं, हा अन्याय आम्हांस अधिक सलतो.