भिंतीचा अंमल

यंदा उजव्या अंगठ्याला कंप सुरू झाल्यापासून एरंडेलाच्या नळीसमोर स्टॉपवॉच धरण्याचे काम मी विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केले आहे. त्या अंगठ्याच्या अचूकतेचा मला फार अभिमान होता आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. परंतु हात रिकामा होताच डोळे खुणेवरून सुटून तेलावर स्थिरावले. एक मिलिमीटर त्रिज्येचा पोलादी छर्रा खाली उतरताना आपल्या व्यासाच्या दुप्पट अंतरावरील इवल्या बुडबुड्यालाही थोडा ओढून नेतो, हे आता मी निवांत पाहतो.

अशा छर्र्याला होणाऱ्या विरोधाचे स्टोक्सने 1851 साली प्रसिद्ध केलेले सूत्र अमर्याद द्रवासाठी आहे, आणि माझी सारी अडचण त्या 'अमर्याद' शब्दाशी येऊन थांबते. अशा द्रवात, छर्र्यापासून काहीसे दूर गेल्यावर, अंतर दुप्पट केले तरी त्याने निर्माण केलेली हालचाल जेमतेम निम्मी होते. एवढ्या चिवट हालचालीला काचेजवळचे निश्चल तेल अटकाव करते, आणि त्या अटकावाची वसुली अखेर छर्र्याकडूनच होते. दोन सेंटिमीटर त्रिज्येच्या नळीत, लाडेनबुर्गच्या दुरुस्तीप्रमाणे, त्याला होणारा विरोध सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो. भिंतीला तर तो कोठेच शिवलेला नसतो!

प्रयोगातले उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळले नाही, की सहकारी त्या फरकाचे खापर तापमानावर फोडतात. रत्नागिरीच्या हवेत दुपारच्या तुकडीचे तेल सकाळच्यापेक्षा पातळ असते हे खरे, आणि 20 अंशांवरून 30 अंशांवर जाताना एरंडेलाची श्यानता निम्म्याहूनही खाली येते हेही खरे. पण तापमानाचा दाखला तापमापक देतो, भिंतीचा दाखला देणारे उपकरण आमच्या कपाटात नाही.

खासगी शिकवण्यांतून येणारी मुले अंतिम वेगाची उदाहरणे झरझर सोडवतात. तेलाचा थेंब मात्र त्यांच्या बोटाला लागलेला नसतो, आणि कोणत्याही उदाहरणात भांड्याची रुंदी दिलेली नसते. मला हा विद्येचा ऱ्हास वाटतो, कारण जर्नलमध्ये पुस्तकातले उत्तर उतरवून घेणारा विद्यार्थी भिंतीचा अंमल कधीच ओळखणार नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती आहे की, प्रयोगशाळेत निरनिराळ्या रुंदीच्या निदान दोन नळ्या ठेवाव्यात, दोन्हींत एकाच बरणीतले तेल भरावे, आणि दोहोंतल्या वेळा विद्यार्थ्यांकडून शेजारी शेजारी लिहवून घ्याव्यात.