स्थिर हात

आमचे आजोबा आतां अंथरुणास खिळले आहेत. उजनी जलाशयावरील भिगवणचे रोहित पक्षी पुन्हां एकदां पाहावे, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून गेल्या हिवाळ्यांत वडिलांचा ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा व ५०० मि.मी.चें टेलिफोटो भिंग घेऊन मी त्यांच्याबरोबर तेथें गेलों.

भर दुपारीं नावेंतून शेंकडों छायाचित्रें काढलीं. घरीं मोठीं करून पाहतों तों सर्व अंधुक! ५०० मि.मी.च्या भिंगास शटर सेकंदाच्या ५००व्या भागाहून अधिक वेळ उघडें नसावें, हा जुना नियम मीं पाळला होता. परंतु इतका बारकावा टिपणारा कॅमेरा हाताचा किंचित् कंपही लपवीत नाहीं. शिवाय उन्हानें तापलेली हवा थरथरत होती. तिच्यापुढें कोणत्याही भिंगाचें कांहीं चालत नाहीं.

पुढील रविवारीं सूर्योदयींच कांठावर ट्रायपॉड रोंवला, शटर सेकंदाच्या २०००व्या भागावर ठेवलें आणि पक्षी जवळ येईपर्यंत मुकाट्यानें बसून राहिलों.

आजोबांनीं चित्र डोळ्यांजवळ नेलें. “चोचीवरचा थेंबसुद्धां दिसतो रे!” ते म्हणाले.

बालमित्रांनो, साधन जितकें सूक्ष्म, तितकी आपली उतावीळही त्यांत स्पष्ट उमटते, हें मीं त्या दिवशीं शिकलों.