चौलच्या वाड्यांत

काही गावे आपले वैभव रस्त्यावर मांडून बसतात, तर काही ते झाडीआड झाकून ठेवतात. रायगड जिल्ह्यातील चौल हे दुसऱ्या प्रकारचे गाव होय. अलिबागहून दक्षिणेस सतरा-अठरा किलोमीटर गेले, की रस्त्याच्या दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या दाटीने उभ्या राहतात. नवखा प्रवासी त्या शीतल छायेचे कौतुक करतो आणि रेवदंड्याच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघून जातो. या हिरव्या पडद्याआड दोन हजार वर्षांचा इतिहास विसावला आहे, याची त्याला वार्ताही नसते.

चौल हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील एक प्रख्यात बंदर होते. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी याने त्याचा उल्लेख केला आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांची नोंद आढळते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी हा अरब प्रवासी येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याचे राज्य होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा विकण्याच्या आशेने याच किनाऱ्यावर उतरला. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी रेवदंड्यास कोट बांधला, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. तोवर मुंबईचे बंदर वाढू लागले होते. चौलच्या खाडीत गाळ साचत गेला, आणि जहाजांनी हळूहळू या गावाकडे पाठ फिरवली.

मुख्याध्यापक असताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांची सहल घेऊन चौलला जात असे. परंतु सहलीत मुलांची मोजदाद करण्यातच शिक्षकाचा दिवस संपतो. म्हणून सेवानिवृत्तीनंतर मी तेथील एका परिचितांच्या वाडीत आठ दिवस मुक्काम केला. त्यांचे वृद्ध वडील माझे वाटाडे झाले. वय ऐंशीच्या पुढे, तरी पाऊल खणखणीत! सारे त्यांना ‘आबा’ म्हणत. मीही म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी आबांनी मला घुमटाकार छताचा जुना हमामखाना दाखवला. दूरदेशींच्या व्यापाऱ्यांचा राबता असलेल्या या नगरात स्नानासाठी एवढी देखणी इमारत उभारली गेली होती. आज ती उजाड आहे. जवळच्या पडक्या मशिदीचीही तीच अवस्था. रेवदंड्याच्या कोटात एकेकाळचा सातमजली मनोरा आहे. लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात. त्याचे वरचे मजले केव्हाच ढासळले. कोटाच्या आत आता नारळ-पोफळी डोलतात. ते भग्न अवशेष पाहून माझे मन खिन्न झाले.

दुसऱ्या दिवसाचा अनुभव मात्र निराळा होता. रामेश्वराच्या देवळापुढील विस्तीर्ण पुष्करणी पाण्याने भरलेली होती. देवळात पर्जन्य, अग्नी आणि वायू यांची तीन कुंडे आहेत. घोर अवर्षण पडले म्हणजे पर्जन्यकुंड उघडून देवाला साकडे घालण्याची येथील परंपरा आहे. डोंगराच्या कुशीतील प्राचीन लेण्यांत हिंगुळजा देवीचे ठाणे आहे. तिचे मूळ पीठ दूर बलुचिस्तानात! आणि मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीला, भोवाळ्याच्या डोंगरावरील दत्तमंदिराची यात्रा सुरू होते. पाच दिवस ती चालते. शेकडो पायऱ्यांवरून आबालवृद्धांची रीघ लागते. पायथ्याशी मिठाईची, खेळण्यांची, भांड्यांची दुकाने सजतात. आगरी, कोळी, माळी, सारे समाज त्या गर्दीत मिसळून जातात.

“आबा,” मी विचारले, “मनोरा पडला, हमामखाना ओस पडला; मग ही तळी आणि ही यात्रा कशी टिकली?”

आबा वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर बसले होते. तिचा जुना रहाट जाऊन आता विजेचा पंप आला होता. ते म्हणाले, “गुरुजी, विहीर उपसत राहिली म्हणजे झरे मोकळे राहतात. उपसा थांबला, की गाळ साचतो. तुम्ही पुस्तकं वाचता, मी विहिरी उपसल्या. मला एवढंच ठाऊक.”

त्यांच्या शब्दांची प्रचीती मला कोर्लईस आली. कुंडलिका नदीच्या मुखावरील पूल ओलांडला, की पलीकडे कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक लहानशी ख्रिस्ती वस्ती लागते. पोर्तुगीज गेले, पण त्यांची भाषा मराठीच्या सहवासात नवे रूप घेऊन येथे राहिली. केवळ काही शेकडा लोक ती बोलतात. ना तिला स्वतःची शाळा, ना पाठ्यपुस्तक. तरीही आईच्या तोंडून मुलाच्या कानी पडत ती पावणेतीनशेहून अधिक वर्षे जगली आहे. एका अंगणात दोन स्त्रिया त्या बोलीत गप्पा मारत होत्या. मला पाहताच त्यांनी अस्खलित मराठीत विचारपूस केली. जवळच खेळणाऱ्या मुलीला मी विचारले, “बाळ, तुला ही भाषा येते का?” ती म्हणाली, “आजी बोलते ते सगळं कळतं. पण मी तिला मराठीत उत्तर देते.”

ती निष्पापपणे हसली. मला मात्र हसू आले नाही. आपली मराठी त्या मुलीस आपली वाटते, याचा आनंद होताच. पण आबांची विहीरही आठवली. भाषेचा उपसा थांबला, तर पुढच्या पिढीला ती कोठून मिळणार? याच किनाऱ्यावरचे बेने इस्रायल बांधव शतकानुशतके मराठी बोलत आले. रेवदंड्यास त्यांचे जुने प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक जण इस्रायलला गेले; तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. परमुलखात आपली मराठी त्यांनी ओठांवर ठेवली, हे ऐकून आपला ऊर भरून येतो. मग कोर्लईच्या त्या इवल्या बोलीविषयी आपणांस आस्था का वाटू नये?

निघताना मी त्या मुलीस म्हणालो, “आज आजीला तिच्याच भाषेत एक गोष्ट सांगायला लाव, आणि तीच गोष्ट उद्या तिला तिच्याच भाषेत परत सांग.” तिने मान डोलावली आणि ती आत पळाली. काही क्षणांतच घरातून आजीचा आवाज ऐकू आला. शब्द मला कळत नव्हते. परंतु त्या मुलीला ते सारे कळत होते, हे तिच्या हसण्यावरून उमगत होते.