आधी परिमाण, मग प्रवेश



बारावीचा निकाल लागला की मंदिराच्या पायऱ्यांवरही एकच विषय असतो, पुढे काय? मागच्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरी होता.

लेकीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचं, हे आम्ही मोठ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सीईटीत मात्र तिला बेताचेच पर्सेंटाइल पडले. हे म्हणाले, "मुलींना आता फी माफ आहे ना?" मी चौकशी केली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालंय खरं, पण ते ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅप फेरीतून झाला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणखी एक सांगते. जैन समाजाला २०१४ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक दर्जा दिला, म्हणून फी आपोआप माफ होते, असं आपल्यातल्या कित्येकींना वाटतं. तसं नाही. अल्पसंख्याक प्रमाणपत्र वेगळं, ईडब्ल्यूएसचं वेगळं.

कॅपमधून हवी ती शाखा मिळेना. एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंटची जागा होती, वर्षाला २ लाख. चार वर्षांचे ८. एफडी मोडून आणि माझ्या पाटल्या गहाण ठेवून जमलं असतं. पाटल्या मी कपाटातून काढूनही ठेवल्या.

सासूबाईंनी त्या पाहिल्या. म्हणाल्या, "परिग्रह-परिमाणात आपण मर्यादा आधी बांधतो ना गं? इथे वस्तू आधी पसंत केली आणि मर्यादा मागून ताणताय."

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. कर्ज न काढता, दागिने न ठेवता किती देता येईल, तो आकडा लिहिला. मग लेकीला पहिल्यांदाच विचारलं, "बाळा, तुला काय चांगलं जमतं?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला केमिस्ट्री आवडते. तुम्ही पाटल्या काढल्यात म्हणून बोलले नाही."

मला रडूच आलं. पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली का बसतो, हे आजीला समजावणारी पोर ती! प्रॅक्टिकलचे मार्क तिचे कधी कमी झाले नाहीत. आमच्या अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपन्या आहेत. तिथल्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एका शेजाऱ्यांना आम्ही विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "नुसत्या बीएस्सीवर सुरुवातीचा पगार कमीच. एमएस्सी धरूनच हिशोब करा." नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स आहे. तेही वर्ष आम्ही हिशोबात धरलं.

आता ती उल्हासनगरला बीएस्सी करते. अंबरनाथहून एकच स्टेशन. फॉर्म भरताना एक गोष्ट कळली, ती तुम्हीही विचारा : अभ्यासक्रम अनुदानित की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात आणि फीमध्ये बराच फरक पडतो. पुढे एमएस्सीला माटुंग्याच्या आयसीटीत जायचं तिच्या मनात आहे. मिळेल न मिळेल, पण तयारी तिची ती करते.

"एवढी हुशार मुलगी आणि नुसतं बीएस्सी?" असं कोणी म्हटलं की अजून टोचतं. तेव्हा मी कर्मवीर भाऊराव पाटलांना आठवते. आपल्याच जैन कुटुंबात जन्मलेल्या अण्णांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. गरज असेल तर दागिना मोडावाच. त्यांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मोडले. पण मी पाटल्या काढल्या होत्या त्या लेकीच्या गरजेसाठी की चारचौघींत सांगता यावं म्हणून, हे माझं मला ठाऊक आहे.

पाटल्या पुन्हा कपाटात आहेत. एमएस्सीला खरंच लागल्या, तर तिला विचारून काढीन.

जय जिनेंद्र.