गोल्डन माइलचं आभाळ

सिंगापूरच्या बीच रोडवरचं गोल्डन माइल कॉम्प्लेक्स समुद्राच्या बाजूनं बघावं. प्रत्येक मजला खालच्या मजल्याहून थोडा मागे सरकलेला, म्हणून प्रत्येक घराला आपापलं आभाळ. खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर घरं, सगळं एकाच काँक्रीटच्या सोळा मजल्यांत. विल्यम लिम, टे खेंग सून आणि गॅन एंग ऊन यांच्या ‘डिझाइन पार्टनरशिप’ या वास्तुविशारद संस्थेचं हे काम १९७३ साली पुरं झालं. शहर दाटीवाटीनं, एकमेकांत मिसळून राहावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मला ओढ लागली ती तिथल्या गच्च्यांची. कुणी पत्रा ठोकून गच्ची बंद केलेली, कुणी हिरवी काच बसवलेली, कुठं लाकडी फळ्या, कुठं वाळत घातलेले कपडे. २००६ साली संसदेत या इमारतीला ‘उभी झोपडपट्टी’ म्हटलं गेलं. मला तर तिथं माणसांनी आपल्या हातांनी घर पुरं केलेलं दिसलं. खालच्या मजल्यावर तर थायलंडच नांदत होतं: खलबत्त्यात कच्ची पपई ठेचणाऱ्या बायका, हाट याईच्या बसची तिकिटं विकणारे गाळे, रविवारी सुट्टीवर आलेले थाई मजूर.

सिंगापुरात दहा वर्षांहून जुनी अख्खी इमारत विकायची तर ८० टक्के मालकीची संमती पुरते. उरलेल्यांची इच्छा नसली तरी त्यांना निघावं लागतं. पर्ल बँक नावाचा उंच, गोलाकार निवासी मनोरा २०१८ मध्ये असाच विकला गेला आणि पुढे पाडला गेला. त्याचं दुःख अजून ओसरलेलं नाही. गोल्डन माइल मात्र वाचलं. २०२१ मध्ये सरकारनं त्याला वारशाचं संरक्षण दिलं. पुढच्या वर्षी ते ७० कोटी सिंगापूर डॉलरना विकलं गेलं, पण मूळ इमारत राखण्याच्या अटीवर. एवढी मोठी, शेकडो मालकांची आधुनिक इमारत तिथं पहिल्यांदाच अशी राखली गेली. याचा मला खरोखर आनंद आहे.

पण २०२३ मध्ये गाळे रिकामे झाले. पपई ठेचणाऱ्या बायका शहरभर पांगल्या. संरक्षणाच्या अटींत उतार होता, खांब होते, भाडं नव्हतं. थोडे गाळे जुन्या दुकानदारांना परवडतील अशा भाड्यानं राखून ठेवायला हवे होते.

चायनाटाउनमधलं पीपल्स पार्क कॉम्प्लेक्स याच वास्तुविशारदांचं, त्याच साली पुरं झालेलं. त्याच्याही विक्रीच्या हालचाली होऊन गेल्या आहेत. तिथं नकाशे मांडण्याआधी गाळेवाल्यांना बोलवा.