दोन घोट आणि आमचे मौन

आमच्या धाकट्या साडूंनी नागपूरला वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. जठराचा मोठा भाग काढला. वर्षभरात वजन उतरले, मधुमेहही आटोक्यात आला.

यंदा ते आमच्या पुतणीच्या हळदीला पातूरला आले. रात्री मांडवामागे बाटली निघाली. “पाहुणे, आमच्या आनंदासाठी दोन घोट तरी घ्या!” असा आग्रह सुरू झाला. दर पौर्णिमेला विहारात लोकांकडून पंचशील म्हणवून घेणारे आम्ही तिथेच बसलो होतो. लग्नघरी वाईटपणा नको म्हणून गप्प राहिलो.

अर्ध्या पेल्यातच साडूंचा तोल गेला. लोक हसले. आम्ही त्यांना धरून घरात नेले, तेव्हा मेहुणीच्या डोळ्यांत पाणी होते. ती आमच्याकडे नुसती बघत राहिली.

पुढे डॉक्टरांनी समजावले. अशा लहान जठरात दारू फार वेळ थांबत नाही. ती लवकर आतड्यात उतरते आणि झपाट्याने रक्तात भिनते. काहींना तर ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी व्यसनच जडते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आम्ही ती पाळली, असे आजवर मिरवत होतो. पण पाजणारा आणि बघत बसणारा त्यातून सुटतो काय?

पुढच्या महिन्यात आमच्या मुलाचे मंगल परिणय आहे. मांडवात बाटली येणार नाही, हे पत्रिका देतानाच आम्ही हात जोडून सांगत आहोत.

जयभीम!