आईचे पाय आणि गावचा तलाव

गेल्या दिवाळीत आई पाटावरून उठेना. दोन्ही हात टेकले, तरी नाही. आई ७२ वर्षांची. चाळीस पावसाळे लोकांच्या बांधीत रोवणी केलेली बाई. गुडघे दुखायला लागले तसं आम्हीच तिला घरी बसवलं. "आता आराम कर" म्हणालो. दोन वर्षांत मांड्या काड्या झाल्या. चूक आमचीच.

डॉक्टरांनी सांगितलं, याला सार्कोपेनिया म्हणतात. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतातच, साठीनंतर वेग वाढतो, आणि बसून राहिलं की आणखी. मग माणूस पडतो, हाड मोडतं, अंथरूण धरतो. गोळी देऊन स्नायू परत येत नाहीत. व्यायाम करायचा, अन् ताटात डाळ, अंडी, मासे वाढवायचे.

पण दुखऱ्या गुडघ्यांनी व्यायाम कसा? तर पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात तर तिसरा हिस्सा. शिवाय पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट. पाय जितक्या जोरात रेटाल, तितकं ते जास्त अडवतं. सांध्याला आराम, स्नायूला मेहनत.

फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीन दिवस आईला तलावात नेतो. अर्धा तास. पुढे चालणं, आडवं चालणं, माझा हात धरून अर्धं बसणं-उठणं. पाण्यातलं पुरेसं नाही म्हणून घरी खुर्चीवरून उठबस वेगळी. मे महिन्यात ती हात न टेकता सलग सात वेळा उठली. मला भरून आलं.

पण खरं सांगतो, दर वेळी जीव मुठीत असतो. गाळ, शेवाळ, धरायला काही नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाने जाऊच नये. बीपी, हृदयाचा त्रास किंवा उघडी जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपला जिल्हा तलावांचा. मामा तलाव आपल्याला वारशात मिळालेत. मला तरणतलाव नको. एका तलावाचा एक कोपरा गाळ काढून साफ करा, खडबडीत उतार, लोखंडी पाइपचा कठडा अन् बायांना कपडे बदलायला आडोसा द्या. बस. सभागृहांवर, कमानींवर पैसा खर्च होतो, मग यावर का नाही? येत्या ग्रामसभेत, नगरपंचायतीत हे मांडूया. घरी म्हातारं माणूस असेल त्याने सोबत यावं.

काल परतताना आई म्हणाली, "बाबू, पान्यात पाय हलके लागतेत."